हॉलला निळा द्यायचाय. कुठला आणि कशासोबत?

मधुमालती
दिवाळीआधी घर रंगवायला काढतोय. पुणे, सिंहगड रोड, तिसरा मजला, टू बीएचके. इतकी वर्षं ऑफ व्हाइटमध्ये काढली, आता मला निळा हवाय. नवऱ्याचं म्हणणं, "निळा बाथरूमला देतात." सासूबाई म्हणतात, "दे कुठलाही, डोळ्यांत खुपला नाही म्हणजे झालं." लेकीला तिच्या खोलीत समुद्राचा रंग हवाय. समुद्र तिने दिवेआगरला पाहिला तेव्हा तो चक्क मातकट होता, पण तिला सांगतंय कोण!

आता माहिती देते. हॉल उत्तरेला उघडतो, समोर दुसरी बिल्डिंग, ऊन येत नाही. फरशी बिल्डरने घातलेली क्रीम व्हिट्रिफाइड. सोफा चॉकलेटी रेक्झिनचा, तो बदलायचा नाही (बजेट). सासूबाईंचं जुनं सागवानी कपाट आहे, पितळी कड्यांचं, ते तर हलणारच नाही. पडदे, उशा, गालिचा यांत हात मोकळा आहे.

एकच भिंत गडद करू की चारही फिक्या? निळ्यासोबत काय शोभतं, काय मार खातं? ज्यांच्या घरात खरोखर निळा आहे त्यांनी सांगा. पिंटरेस्टच्या लिंका नकोत, त्या घरांत कोणी राहत नसतं.

चहाबाज
निळ्या भिंती आणि रेक्झिनची बैठक म्हणजे स्लीपर कोच झाला की. पाहुण्यांना पीएनआर विचारा.

झुळूक
चहाबाज, खिक्. मधुमालती, धागा वाचतेय. आमचंही याच वर्षी काढायचंय.

तिरफळ
आमचं आजोळ कुडाळजवळ. माजघर, पडवी, सगळीकडे चुन्यात नीळ घालून काढलेल्या भिंती. मे महिन्यात पाहुणे यायच्या आधी मामा बादलीत कालवायचा आणि केरसुणीसारख्या कुंच्याने मारायचा. दर वर्षी छटा वेगळी, कारण माप म्हणजे मामाची मूठ. पण काय दिसायचं ते! खाली लाल कोबा, वर काळपट वासे, दारं तेलपाणी केलेली. दुपारी बाहेरच्या उन्हातून आत आलं की डोळे निवायचे.

तोच रंग मी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दिला. शेडकार्डावरून अगदी जुळवून घेतला होता. काहीच मजा आली नाही. लाल कोबा नाही, वासे नाहीत, वर ट्यूबलाइट. तेव्हा कळलं की आजोळी अर्धी कामगिरी कोब्याची होती.

साखरझोप
बेडरूमला निळा दिला की झोप छान लागते म्हणतात. आणि तेच लोक मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने झोप उडते असंही म्हणतात. नक्की काय मानायचं?

रसायनवाला
तिरफळ, मामांचा रंग टिकण्याचं कारण आहे. नीळ पावडर म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग लाजवर्द दगड दळून काढायचे, तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला, म्हणून किंमत सोन्याच्या तोडीची. १८२८ मध्ये फ्रान्समधल्या गिमेने तो कारखान्यात करायची रीत बसवली आणि पुढे हाच रंग इतका स्वस्त झाला की धोतरं धुवायला वापरू लागले. अल्ट्रामरीनला चुना मानवतो, आम्ल मानवत नाही. प्रशियन ब्लू नावाच्या दुसऱ्या निळ्या रंगाचं बरोबर उलटं, तो चुन्यात घातला की तपकिरी पडतो. थेंबाथेंबाने घालायची जी नीळ मिळते तो डाय असतो, ती घालून कोणी गावचं घर काढणार असेल तर नको, उडून जाईल. दुकानातल्या मशीनवर मिळणाऱ्या निळ्यात आता बहुतेक थॅलोसायनिन नावाचं कृत्रिम रंगद्रव्य असतं, ते १९३० च्या दशकात आलं.

साखरझोप, दोन्ही खरं असू शकतं, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराला "अजून दिवस आहे" असं कळवतात त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला जास्त जागतात. मोबाइल स्वतः प्रकाश सोडतो. भिंत सोडत नाही, दिव्याचा पडेल तेवढाच परत करते. रात्री पिवळसर दिवा लावला तर त्यात निळा भाग मुळातच कमी, गडद निळी भिंत त्यातलाही बराचसा गिळते. तेव्हा भिंतीने झोप उडणार नाही. लागेल की नाही ते उशाशी मोबाइल आहे का यावर.

चहाबाज
म्हणजे भिंत निर्दोष, मोबाइल दोषी. पुढची तारीख.

भिंतफेम
मी ठाण्यात इंटिरियरची कामं करते. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

तिरफळ यांनी जे कोब्याबद्दल लिहिलंय तेच मी प्रत्येक क्लायंटला सांगते. शेडकार्ड उघडायच्या आधी फरशी बघा. बिल्डरची क्रीम फरशी पिवळटच असते. तिच्यावर करडट, थंड निळा आणला की फरशी मळलेली दिसते आणि भिंत आजारी. अशा फरशीवर एक तर हिरव्याकडे झुकणारा निळा घ्यायचा, मोरपंखी, रामा वगैरे, नाही तर थेट शाईसारखा गडद. मधले बेबी ब्लू, पावडर ब्लू प्रकार टाळा.

उत्तरेच्या खोलीत थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड, म्हणजे आधीच निळसर. त्यात फिका निळा दिलात की तो राखाडी होतो. पुण्यातल्या जुलैमध्ये तर घरात सकाळी अकराला संध्याकाळ वाटेल. प्रत्येक शेडला एलआरव्ही नावाचा आकडा असतो, भिंत किती टक्के उजेड परत देते त्याचा. ऑफ व्हाइटचा ८० च्या आसपास, नेव्हीचा १० च्या आत. चारही भिंती नेव्ही केल्यात तर दिवसा दिवे लावून बसाल. म्हणून तुमच्या हॉलला एक भिंत. खिडकी ज्या भिंतीत आहे ती नको, कारण उजेडाच्या चौकटीभोवती काळोखी आली की डोळ्यांवर ताण येतो. टीव्हीमागची करा. बंद टीव्हीचा तो काळा चौकोन गडद निळ्यात मस्त विरून जातो, हा माझा आवडता फायदा. उरलेल्या तीन भिंतींना शुभ्र पांढरा नको, किंचित पिवळा घातलेला पांढरा द्या, फरशीशी जुळेल.

दिवे: ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली कुठलाही निळा दवाखाना होतो. ३००० वॉर्म लावा. पण वॉर्म दिव्यात तोच निळा थोडा हिरवट किंवा काळपट होतो, म्हणून नमुना रात्रीसुद्धा बघायचा.

आणि नमुना भिंतीवर फासू नका. २ बाय २ फुटांचा प्लायचा तुकडा घ्या, प्राइमर, दोन हात, चारी बाजूंनी बोटभर पांढरी कड सोडा. तो तुकडा फरशीला टेकवा, सोफ्यामागे धरा, कपाटाला चिकटवून ठेवा. ओलं इमल्शन फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं, तेव्हा पेंटरने ब्रश उचलल्या उचलल्या मत देऊ नका.

मधुमालती
भिंतफेम, हे सगळं वहीत उतरवलं. टीव्हीचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. पहिल्यांदाच त्याने "अच्छा?" म्हटलं.

सुतळीबॉम्ब
असहमत. हायलाइट वॉलचं फॅड जाऊन जमाना झाला. एकच भिंत रंगवलेली खोली पैसे संपल्यासारखी दिसते. द्यायचा तर छतासकट सगळ्याला एकच निळा द्या, दारं-चौकटीही त्याच रंगाच्या. कोपरे दिसेनासे होतात आणि खोली उलट मोठी वाटते. आमच्या नाशिकच्या घरात स्टडीला केलंय.

भिंतफेम
सुतळीबॉम्ब, तुमची स्टडी किती बाय किती, आणि दिवसा तिथे कोण असतं? छोट्या खोलीत, संध्याकाळीच वापरायच्या जागेत मीही छतासकट करते. पण ज्या हॉलमध्ये सासूबाई दुपारी पेपर वाचतात आणि लेक अभ्यासाला बसते तिथे नाही करणार.

सुतळीबॉम्ब
दहा बाय नऊ. दिवसा मांजर असतं. ठीक आहे, हॉलचं मागे घेतो. "पैसे संपल्यासारखी" मात्र मागे घेत नाही.

गोंधळी
वास्तुवाले कसे नाही आले अजून? उत्तरेला जलतत्त्व, निळा उत्तम. आग्नेयेला अग्नी, निळा वर्ज्य. आमच्या आग्नेयेला शेजाऱ्यांची लिफ्ट आहे, तिला कुठला द्यावा?

पमाकाकू
मला ते एलआरव्ही वगैरे कळत नाही. मी आपली साडीवरून ठरवते. भिंत म्हणजे अंग, आणि पडदे, उशा, गालिचा हे काठ-पदर. आता सांगा, चिंतामणी रंगाच्या साडीला पांढरा काठ कोणी घेतं का? राणी, लाल नाही तर मोहरी, आणि वर जर. निळ्या अंगाला गरम काठच लागतो. तुमच्या हॉलमध्ये जर आधीच आहे की, कपाटाच्या पितळी कड्या! त्या ब्रासोने लख्ख करा, अर्धं काम होईल. चॉकलेटी सोफ्यावर गुळेदगुड्डच्या खणाच्या उशा टाका, निळा खण लाल काठाचा. खण तीस-एकतीस इंची पन्ह्याचा असतो, सोळा इंची उशी आरामात बसते.

मी स्वतः खोल्या रंगवताना आधी कपाटातल्या साड्या पलंगावर पसरते आणि मग दुकानात जाते. अहो हसतात, पण घर बघून लोक विचारतात की कोणाकडून करून घेतलं.

झुळूक
पमाकाकू, साष्टांग! माझं ठरलं.

भिंतफेम
काकू, क्लायंटना मी हेच कलर व्हील दाखवून पाऊण तास समजावते. निळ्याच्या समोर नारिंगी असतो आणि तुम्ही ते काठ म्हणून एका वाक्यात मोकळ्या. उद्यापासून साडीच दाखवणार.

कच्छी_चिवडा
उशांचं चाललंय म्हणून. अजरख विसरू नका, झाडापासूनची नीळ आणि मंजिष्ठाचा लाल एकाच कापडात, म्हणजे काकूंचा काठ आयता विणलेला... म्हणजे छापलेला. भुजजवळ अजरखपूर आहे, २००१ च्या भूकंपानंतर कारागिरांनी वसवलेलं गाव. पण सावधान, खऱ्या निळीचं कापड सुरुवातीला घासलं की रंग सोडतं. आमच्या पांढऱ्या बेडशीटवर उशीचा चौकोन उमटला होता, सुबक, बॉर्डरसकट. सुरुवातीचे काही वॉश वेगळे, गार पाण्यात. आणि फिक्या सोफ्यावर लगेच नको. तुमचा चॉकलेटी रेक्झिन पुसता येतो, तुम्ही सुखी.

पणजीकरीण
गोव्याचं कोणीच काढलं नाही? फोंतेन्हासमधून चालत जा, निळं घर, शेजारी गेरूचं, त्याच्या शेजारी पिवळं. प्रत्येक दार-खिडकीभोवती पांढरा पट्टा असतो. निळा एवढा गडद असूनही अंगावर येत नाही तो त्या पट्ट्यामुळे. काही ठिकाणी निळा असतो तो आझुलेजोमध्ये, म्हणजे त्या पोर्तुगीज टाइल्समध्ये.

एक धोक्याचं सांगते. भिंतीला ओल असेल तर गडद निळा चुकूनही देऊ नका. खार फुटला की पांढऱ्या भिंतीवर दिसत नाही, नेव्हीवर मीठ सांडल्यासारखा दिसतो. आमच्या जिन्याच्या भिंतीवर दर पावसाळ्यात. आधी ओल कुठून येते ते काढा, वॉटरप्रूफिंग करा, भिंत वाळू द्या, मग हौस.

रसायनवाला
पणजीकरीण यांना दुजोरा. आणि कोणी नवीन प्लास्टर केलं असेल तर किमान २८ दिवस थांबा. पेंटर म्हणतो "चालतंय साहेब", तो पैसे घेऊन गेल्यावर चालत नाही.

कुलाबा_लोकल
अवांतर: काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, १८८४ चं. वर्षानुवर्षं आकाशी-फिरोजी होतं, आम्ही "ते निळं" म्हणूनच पत्ता सांगायचो. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन बाहेरून पांढरं आणि गडद नीळ झालं. पांढऱ्यावर निळा उठाव दिलेला, पूर्वीच्या उलट भानगड. मला आधीचं आवडायचं, बायकोला आताचं. तिकडून जाताना हा वाद ठरलेला.

भीमाकाठ
आमच्याकडे निळा कायमचाच आहे. नांदेडकडच्या आमच्या गावात वस्तीत शिरलं की निळी दारं, निळ्या चौकटी. १९४२ च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासूनचा तो निळा. चौदा एप्रिलच्या आधी वडील दाराला ऑइलपेंटचा हात मारायचे, तेव्हा डबा छोटा आणि दार एकच, म्हणून उरलेला रंग माठाच्या तिवईला, दिवळीला, शेवटी माझ्या सायकलच्या मडगार्डला.

संभाजीनगरात फ्लॅट घेतल्यावर हॉलची एक भिंत मी गडद निळी केली. शेजारच्या एक बाई बघायला आल्या. "वास्तूला चालतो का हो हा रंग" इथून सुरुवात करून त्यांनी गाडी कुठे आणली ते इथे सगळ्यांना कळेल. मी चहा दिला आणि भिंत तशीच ठेवली.

आता धाग्याच्या विषयाचं. त्या भिंतीवर सागाच्या फ्रेममध्ये बाबासाहेब, खाली कमरेइतकं पुस्तकांचं कपाट, त्यावर पांढऱ्या दगडाची बुद्धमूर्ती. बाकी काही नाही. पमाकाकूंच्या भाषेत काठ पुस्तकांनी दिलाय, लाल, पिवळ्या, भगव्या पाठी. एक पिवळा दिवा वरून सोडलाय, तो मूर्तीवर पडतो आणि भिंतीवर वाटोळा उतरतो. गडद मॅट रंगाचा त्रास एकच, हात लागला की चकाकीचे डाग पडतात आणि पुसायला गेलं की वाढतात. मुलांचा वावर असेल तर सॅटिन किंवा सॉफ्ट शीन घ्या. आमच्याकडे खांद्याच्या उंचीवर थोरल्याची क्रिकेटची प्रॅक्टिस दिसते.

पमाकाकू
भीमाकाठ, पुस्तकांचा काठ फार आवडला. आणि त्या बाईंना दुसऱ्यांदा चहा देऊ नका.

चहाबाज
काकूंना अनुमोदन. चहा असा वाया घालवू नये.

रॉटरडॅमकर
इथल्या जुन्या डच घरांत निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट टाइल्स दिसतात, सतराव्या शतकात चिनी भांड्यांची नक्कल करता करता वाढलेला धंदा. गंमत म्हणजे भिंतीच्या तळाशी त्याची एक रांग लावायचे, फरशी पुसताना चुना खराब होऊ नये म्हणून. आपली स्कर्टिंग. प्रत्येक टाइलवर वेगळं चित्र, कुठे जहाज, कुठे भोवरा खेळणारं पोर.

मुद्दा असा की सगळी भिंत न रंगवताही निळा आणता येतो. भाड्याचं घर आहे, भिंतींना हात लावायची परवानगी नाही. मी पांढऱ्या भिंतीवर जयपूर ब्लू पॉटरीच्या सहा प्लेट्स टांगल्यात आणि मोहरी रंगाचा गालिचा घातलाय. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, तेव्हा त्या गालिच्याचाच आधार. मधुमालती, तुमच्या लेकीच्या खोलीला हा मार्ग बघा, समुद्राची हौस फिटली की प्लेट्स काढता येतील.

गोंधळी
आणि लेक दहावीला गेली की त्याच प्लेट्स फेकता येतील.

मधुमालती
अपडेट. प्लायचे दोन तुकडे करून आणले, एक मोरपंखीकडचा, एक शाईचा. लेकीने दुकानात तिसरा निवडला, त्याला दुकानदार "स्विमिंग पूल" म्हणाला, तो नम्रपणे परत केला.

दिवसा मोरपंखी सुंदर दिसतोय, कपाटाचा साग त्याच्याजवळ एकदम लालसर उजळतो. रात्री वॉर्म बल्बमध्ये तोच हिरवा होतो, नवरा म्हणतो की हा निळा नाहीच, आपण निळ्यासाठी भांडत होतो. शाईचा दोन्ही वेळा निळाच राहतो, पण सोफ्यामागे धरला तर सोफा नाहीसा होतो, गडदावर गडद. फरशीला टेकवल्यावर दोन्ही बरे. सासूबाईंना शाईचा आवडला, कारण त्यांच्या एका जुन्या शालूचा रंग तोच आहे म्हणे (पमाकाकू!). अडकलेय.

भिंतफेम
सोफा टीव्हीसमोरच्या भिंतीला ना? मग शाईच्या भिंतीपुढे सोफा येतच नाही, टीव्ही येतो. भांडण मिटलं. कपाट कुठल्या भिंतीला आहे?

मधुमालती
टीव्हीच्याच भिंतीला, डाव्या कोपऱ्यात.

भिंतफेम
मग शाईचा, डोळे मिटून. साग आणि पितळ त्याच्यावर काय दिसेल! मोरपंखी उशांत आणा. भिंत दहा बाय बारा धरली तर दोन लिटर पुरेल, तिसरा हात लागला तरी. प्राइमर पांढरा नको, दुकानातून करडी छटा घालून घ्या, नाही तर गडद निळा पांढऱ्यावर चढता चढत नाही. एक-एक लिटरचे दोन डबे घेतलेत तर दोन्ही एका बादलीत मिसळून मगच सुरुवात करा, डब्याडब्यात फरक असतो. आणि डब्यावरच्या फॉर्म्युल्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, टचअपला लागेल.

सुतळीबॉम्ब
मग झाली की नाही हायलाइट वॉल.

भिंतफेम
झाली. तुमच्या मांजराला नमस्कार सांगा.

मधुमालती
ठरलं. टीव्हीची भिंत शाई, बाकी पिवळट पांढरा, खणाच्या उशा, मोहरी पडदे. लेकीच्या खोलीला एका भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागात मोरपंखी, वर पांढरा. अर्ध्या भिंतीवर ती तयार झाली, कारण तिथे लाटा काढायची परवानगी तिने लेखी घेतली आहे. पेंटर सोमवारपासून येतोय म्हणालाय.

तिरफळ
सोमवार कुठला ते विचारलंत का?

साखरझोप
माझ्या ओट्याला काळा कडाप्पा आहे, वर पांढऱ्या टाइल्स. किचनच्या कपाटांना निळा सनमायका चालेल का? की फारच अंधारं होईल?

भिंतफेम
वेगळा धागा काढा, फरशीचा फोटो टाका, येते.